पहिल्या वर्षाचं फ्रेंच : मराठी हाताशी ठेवून

पदवीच्या पहिल्या वर्षाला फ्रेंचच्या वर्गात दोन तऱ्हेची मुलं येऊन बसतात. काहींनी शाळेत आणि अकरावी-बारावीला फ्रेंच घेतलेलं असतं. आपल्याकडे हा विषय ‘स्कोरिंग’ म्हणून घेतला जातो, त्यामुळे त्यांच्या गुणपत्रिकेवर नव्वदीच्या पुढचे आकडे असतात. बाकीच्यांनी ‘बोंझूर’च्या पलीकडे काही ऐकलेलं नसतं. सुरुवातीला पहिली मुलं निवांत असतात आणि दुसरी भेदरलेली. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत मात्र हा फरक बराच पुसला जातो. शाळेतलं फ्रेंच क्रियापदांचे तक्ते आणि भाषांतर यांवर निभावतं. विद्यापीठातला शिक्षक पहिल्याच तासाला फ्रेंचमधून बोलायला लागतो आणि उत्तराची वाट बघत थांबतो. तिथे तक्ता उपयोगी पडत नाही.

पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात सर्टिफिकेट, डिप्लोमा, ॲडव्हान्स्ड डिप्लोमा अशा पायऱ्यांनी कित्येक पिढ्या परकीय भाषा शिकल्या. नोकरी करणारे, गृहिणी, इंजिनिअरिंगची मुलं, सगळे एकाच बाकावर. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात फ्रेंचची ऑनर्स पदवी अगदी शून्यापासून सुरू करता येते. मुंबई, गोवा, पुदुच्चेरी इथल्या विद्यापीठांतही फ्रेंचचे विभाग आहेत. अभ्यासक्रम वेगळे असले तरी एक गोष्ट जवळजवळ सगळीकडे सारखी दिसते. फ्रेंच समजावून सांगायची वेळ आली की आधार इंग्रजीचा घेतला जातो. व्याकरणाची टीप इंग्रजीत, शब्दाचा अर्थ इंग्रजीत, वहीतला दुसरा रकाना इंग्रजीचा. मराठी घरातून आलेली मुलगी स्वतःची भाषा वर्गाबाहेर ठेवून आत येते. माझ्या मते इथेच घाटा होतो. फ्रेंचच्या पहिल्या वर्षात जी दुखणी म्हणून सांगितली जातात, त्यांतल्या निम्म्यांवर उतारा मराठीत आहे आणि इंग्रजीत नाही.

वर्षभरात पदरात काय पडतं?

युरोप परिषदेने २००१ मध्ये भाषा येण्याच्या सहा पायऱ्या ठरवून दिल्या : ए-१, ए-२, बी-१, बी-२, सी-१, सी-२. फ्रान्सच्या शिक्षण मंत्रालयाची ‘देल्फ’ ही परीक्षा १९८५ पासून आहे. ती आता याच मापाने घेतली जाते आणि तिची शेवटची पायरी बी-२ असते. पहिल्या वर्षाच्या अखेरीस विद्यार्थी ए-१ ओलांडून ए-२ च्या आसपास असावा, अशी साधारण अपेक्षा. म्हणजे ओळख करून देता यावी, रस्ता विचारता यावा, दुकानात भाव समजावा, मित्राला चार ओळींचं पत्र लिहिता यावं आणि काल काय केलं ते सांगता यावं.

ए-१ च्या परीक्षेची रचना बोलकी आहे. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं, प्रत्येकाला २५ गुण. पास व्हायला शंभरात ५० लागतात, पण कुठल्याही एका भागात ५ पेक्षा कमी पडले तर बाकीच्या तीन भागांत कितीही गुण असोत, नापास. थोडक्यात, अर्धी परीक्षा कान आणि तोंड यांची आहे. आपल्याकडची हुशार मुलं अडखळतात ती याच अर्ध्या भागात.

मग शब्द किती लागतात? १९५० च्या दशकात जॉर्ज गुगेनइम या भाषाशास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली एका गटाने साध्या माणसांची संभाषणं ध्वनिमुद्रित करून शब्द मोजले आणि नवशिक्यांसाठी सुमारे दीड हजार शब्दांची यादी केली. मोजताना त्यांना एक गंमत आढळली. घरातल्या रोजच्या वस्तूंची नावं बोलण्यात क्वचितच येतात, कारण वस्तू समोर असली की माणसं ‘हे’, ‘ते’ म्हणून भागवतात. म्हणून नुसत्या मोजणीवर न थांबता, वेळेला तोंडात हजर असायला हवेत असे शब्द त्यांनी वेगळे शोधून यादीत घातले. पहिल्या वर्षाच्या पुस्तकात स्वयंपाकघर, कपडे, शरीराचे अवयव यांचे धडे दिसतात, त्यामागे हा विचार आहे.

तोंड आणि कान

फ्रेंच उच्चार अवघड, असं सगळे म्हणतात. पण मराठी तोंडाला त्यातला बराच भाग आयता मिळतो. इंग्रजीतला ‘टी’ आपल्याला ‘ट’सारखा ऐकू येतो आणि ‘डी’ ‘ड’सारखा. फ्रेंच ‘टी’ आणि ‘डी’ मात्र आपले दाताला जीभ लावून म्हटलेले ‘त’ आणि ‘द’ आहेत. इंग्रज माणूस शब्दाच्या सुरुवातीचे ‘प’ आणि ‘क’ हवा सोडत म्हणतो, त्यात ‘फ’ आणि ‘ख’ची छटा येते. फ्रेंचमध्ये ते आपल्यासारखेच कोरडे. मराठी मुलगा फ्रेंच शब्द वाचताना इंग्रजी शाळेतला ‘ट’ काढतो आणि शिक्षक तो दुरुस्त करत बसतात. त्याला ‘तांब्यातला त लाव’ एवढं सांगितलं तरी काम होतं.

खरी अडचण स्वरांची. ‘तू’ला फ्रेंचमध्ये ‘टी-यू’ असं लिहितात. मराठी मुलाला वाटतं, हा तर आपलाच शब्द. पण आपण म्हणतो तसं ‘तू’ म्हटलं की फ्रेंच कानाला ‘सगळं’ या अर्थाचा दुसराच शब्द ऐकू येतो. तिथला स्वर काढायला जीभ ‘ई’च्या जागी ठेवायची आणि ओठांचा चंबू ‘ऊ’सारखा करायचा. देवनागरीत त्याला अक्षर नाही. ‘त्यू’ लिहून आपण वेळ मारून नेतो. एवढ्याशा फरकावर काय अवलंबून असतं, ते ‘दस्यू’ आणि ‘दसू’ या जोडीत दिसतं. पहिल्याचा अर्थ ‘वर’, दुसऱ्याचा ‘खाली’. किल्ली कुठे ठेवली हे सांगताना ओठ चुकले तर माणूस भलत्या कप्प्यात शोधत बसेल.

अनुनासिक स्वरांचंही तसंच. ‘वँ’ म्हणजे द्राक्षाची दारू, ‘वाँ’ म्हणजे वारा आणि ‘वों’ म्हणजे ‘ते जातात’. मराठीत आपण अनुस्वार लिहितो, पण ‘आंबा’ म्हणताना प्रत्यक्षात ‘म्’ उच्चारतो आणि ‘गंगा’ म्हणताना ‘ङ्’. फ्रेंचमध्ये शेवटी ओठ मिटायचे नसतात. स्वर नाकातून सोडून द्यायचा. कोकणी किंवा मालवणी बोलणाऱ्या घरातली मुलं इथे दोन पावलं पुढे असतात, कारण त्यांच्या बोलीत असे स्वर जिवंत आहेत.

त्यानंतर येते ‘लिएझों’, म्हणजे शब्दांची जोडणी. एरवी मुका असलेला शेवटचा ‘एस’ पुढे स्वर आला की ‘झ’ होऊन बोलतो. ‘इल झों’ म्हणजे ‘त्यांच्याकडे आहे’ आणि ‘इल सों’ म्हणजे ‘ते आहेत’. एका ‘झ’चा आणि ‘स’चा फरक, पण वाक्य पार बदलतं. शिक्षकांचं आवडतं उदाहरण ‘नायक’ या शब्दाचं आहे. ‘ले एरो’ म्हणजे नायक. तिथे जोडणी करायला बंदी. ती कुणी केलीच तर ‘ले झेरो’ होतं आणि नायकांची शून्यं होतात.

मुकी अक्षरं

‘मी बोलतो’, ‘तू बोलतोस’, ‘ते बोलतात’ या तिन्ही ठिकाणी फ्रेंच क्रियापद कानाला ‘पार्ल’ असंच ऐकू येतं. लिहिताना मात्र तिन्हींचं शेपूट वेगळं. वीस या अर्थाच्या ‘वँ’मध्ये ‘जी’ आणि ‘टी’ ही अक्षरं निमूट बसलेली असतात. यातली काही अक्षरं एकेकाळी उच्चारली जात होती. उच्चार गेला, अक्षर राहिलं. काही अक्षरं जुन्या पंडितांनी लॅटिन मूळ दिसावं म्हणून मुद्दाम घुसवली, ‘वँ’मधला ‘जी’ त्यांतलाच.

याचा जाच खुद्द फ्रेंच माणसालाही चुकलेला नाही. १८५७ मध्ये लेखक प्रॉस्पेर मेरिमे याने तिसऱ्या नेपोलियनच्या दरबारात एक शुद्धलेखन घातलं. सांगतात की सम्राटाच्या ७५ चुका झाल्या, सम्राज्ञीच्या ६२, लेखक असलेल्या धाकट्या अलेक्सांद्र द्यूमाच्या २४ आणि ऑस्ट्रियाच्या मेटरनिखच्या फक्त ३. परक्याने बाजी मारली, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने ध्यानात ठेवण्यासारखं आहे. लेखन नियमाने शिकणारा माणूस कानाने लिहिणाऱ्याला मागे टाकू शकतो.

सुधारणेचे प्रयत्नही झाले. १९९० मध्ये सुमारे दोन हजार शब्दांचं लेखन सोपं करण्याच्या शिफारशी निघाल्या. २०१६ मध्ये पाठ्यपुस्तकांनी त्या वापरायचं ठरवल्यावर अक्षरांवरच्या टोपीसारख्या खुणा जाणार म्हणून फ्रान्सभर आरडाओरडा झाला. आपल्याकडे १९६२ च्या लेखननियमांनी ‘केलें’, ‘घरें’ यांच्या डोक्यावरचे न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले आणि आज ते कुणाला आठवतही नाहीत. फ्रेंचांना ते जमलेलं नाही. तेव्हा मुकी अक्षरं पाठ करण्याला पर्याय नाही, आणि त्याचा उपाय नेमाने घातलेलं शुद्धलेखन हाच आहे.

तो की ती?

फ्रेंचमध्ये प्रत्येक नामाला लिंग असतं. इंग्रजीतून शिकवताना हे फार मोठं संकट असल्यासारखं सांगतात : खुर्ची स्त्रीलिंगी का, पुस्तक पुल्लिंगी का? मराठी माणसाला हा प्रश्नच पडू नये. आपल्याकडे दोनऐवजी तीन लिंगं आहेत, ट्रक ‘तो’, बस ‘ती’ आणि टेबल ‘ते’, आणि हे कुणी आपल्याला शिकवलेलं नाही. चांगला घोडा, चांगली गाय, चांगलं वासरू, असं विशेषण नामामागे वळवण्याची सवय जिभेला आहे. फ्रेंचमध्ये करायचं तेच. ‘ती व्यक्ती’ म्हणताना ती व्यक्ती पुरुष असली तरी आपण अडत नाही. फ्रेंचमध्येही ‘व्यक्ती’ला जो शब्द आहे, ‘पेर्सॉन’, तो कायम स्त्रीलिंगीच.

लिंगं जुळतील असं मात्र धरून चालू नये. आपला चंद्र ‘तो’, त्यांची ‘ल्यून’ ती. आपला आंबा ‘तो’, त्यांची ‘मांग’ ती. काही शेवट मदत करतात. ‘-सियों’ने संपणारी नामं बहुतेक स्त्रीलिंगी, ‘-माँ’ आणि ‘-आझ’ने संपणारी बहुतेक पुल्लिंगी, पण ‘प्लाझ’ म्हणजे समुद्रकिनारा आणि ‘इमाझ’ म्हणजे चित्र हे अपवाद. म्हणून शब्द सुटा पाठ करू नये, ‘ल’ किंवा ‘ला’ लावूनच पाठ करावा.

हे ‘ल’, ‘ला’, ‘अँ’, ‘यून’ म्हणजे फ्रेंच नामांपुढची उपपदं. इथे मराठी हात टेकते, कारण आपल्याकडे ती नाहीतच. ‘मी भात खातो’ म्हणताना फ्रेंचला भातापुढे ‘द्यू’ हवाच, कारण खाल्ला तो जगातला सगळा भात नव्हे, त्यातला थोडासा. हे सरावानेच अंगवळणी पडतं.

ती गेली, तिने खाल्लं

दुसऱ्या सत्रात भूतकाळ येतो आणि वर्गातली उपस्थिती रोडावते. ‘पासे कोंपोझे’ हा भूतकाळ दोन सहायक क्रियापदांनी बनतो. बहुतेक क्रियापदांना ‘आव्वार’, म्हणजे ‘जवळ असणे’, लागतं. जाणं, येणं, निघणं, पोचणं, जन्मणं, मरणं, पडणं, राहणं अशा मोजक्या क्रियापदांना ‘एत्र’, म्हणजे ‘असणे’. ही यादी लक्षात राहावी म्हणून शिक्षक फळ्यावर एक घर काढतात : दारातून आत येणारा, जिना चढणारा, खिडकीतून पडणारा, वरच्या खोलीत जन्मलेला. ‘एत्र’ आलं की क्रियापदाचं रूप कर्त्यासारखं बदलतं. ‘आव्वार’ आलं की कर्त्याशी संबंध तुटतो, आणि कर्म आधी येऊन गेलेलं असेल तर रूप कर्मासारखं होतं.

इंग्रजीतून हे समजावायला अर्धा तास लागतो, कारण इंग्रजीत यातलं काहीच उरलेलं नाही. मराठीत मात्र आपण हे दिवसभर करतो. ‘तो गेला, ती गेली’ : रूप कर्त्यासारखं. ‘तिने आंबा खाल्ला, तिने पोळी खाल्ली’ : कर्त्याला ‘ने’ लागला आणि रूप कर्माच्या मागे गेलं. फ्रेंचमध्ये ‘एल ए मोंते’ म्हणजे ‘ती वर चढली’, तिथे ‘एत्र’. ‘एल आ मोंते ला वालीझ’ म्हणजे ‘तिने बॅग वर नेली’, तिथे ‘आव्वार’. मराठीत ‘ती’ची ‘तिने’ झाली, त्याच क्षणी फ्रेंचमध्ये सहायक क्रियापद बदललं.

यावरून एक कामचलाऊ खूण हाती येते : मराठी वाक्यात ‘ने’ आला की फ्रेंचमध्ये बहुधा ‘आव्वार’. ही खूण उलट्या दिशेने चालत नाही. ‘ती हसली’, ‘ती झोपली’ यांत ‘ने’ नाही, तरी फ्रेंचमध्ये ‘आव्वार’च. शिवाय अंग धुणं, कपडे घालणं अशी जी क्रियापदं फ्रेंच माणूस ‘स्वतःला’ लावून बोलतो, ती ‘एत्र’ घेतात, मराठीत ‘तिने अंघोळ केली’ म्हटलं तरी. एवढे अपवाद सोडले तर खूण भरवशाची आहे.

कर्म आधी आलं तरच रूप बदलायचं, ही अट सोळाव्या शतकात क्लेमाँ मारो या कवीने इटालियनच्या धर्तीवर पुढे केली. ती इतकी किचकट आहे की २०१८ मध्ये बेल्जियमच्या दोन माजी शिक्षकांनी ती रद्द करा असं जाहीरपणे मांडलं. तूर्त ती आहे आणि परीक्षेत विचारली जाते.

आपले फ्रेंचचे वर्ग मराठीकडे पाठ फिरवत असले तरी फ्रेंच विद्वानांचं तिच्याकडे बारीक लक्ष होतं. झ्यूल ब्लॉक या भाषाशास्त्रज्ञाचा मराठी भाषेच्या घडणीवरचा ग्रंथ १९२० मध्ये पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाला आणि मराठीच्या अभ्यासकांना आजही तो टाळता येत नाही. गी दलरी याने तुकारामांचे अभंग फ्रेंचमध्ये नेले, ते पुस्तक १९५६ मध्ये आलं. पॅरिसचा पंडित मराठीचं व्याकरण पुढ्यात घेऊन बसला होता. पुण्यातल्या वर्गाने फ्रेंच शिकताना ते दूर लोटावं याला काही अर्थ नाही.

चार विसा

सत्तर म्हणजे ‘साठ-दहा’, ऐंशी म्हणजे ‘चार-वीस’, नव्याण्णव म्हणजे ‘चार-वीस-दहा-नऊ’. याची चेष्टा करण्याआधी आठवावं की शाळा न शिकलेल्या जुन्या पिढीतल्या बायका आपल्याकडे विसाविसानेच मोजत : तीन विसा, चार विसा. पॅरिसमध्ये डोळ्यांचं एक रुग्णालय आहे, त्याचं नावच ‘पंधरा-विसा’. तेराव्या शतकात नवव्या लुईने तीनशे आंधळ्यांसाठी ते काढलं होतं. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमधले फ्रेंचभाषक सत्तर आणि नव्वदसाठी सरळ स्वतंत्र शब्द वापरतात.

खरी कसोटी फोन नंबर ऐकून लिहिताना लागते. फ्रान्समध्ये दहा आकडी नंबर दोन-दोनच्या पाच जोड्यांत सांगतात. ‘साठ’ ऐकून तुम्ही ६ लिहिता, मागून ‘अठरा’ येतं आणि ६ खोडून ७८ करावे लागतात. तोवर पुढची जोडी निघून गेलेली असते. मराठी मुलाने शंभरापर्यंतचा प्रत्येक आकडा वेगळा घोकलेला आहे. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस तीन’, ‘पन्नास सात’ अशी वाचनाची पद्धत आली तेव्हा केवढा वाद झाला होता! ‘त्रेसष्ट’ आणि ‘एकोणऐंशी’ पचवलेल्या डोक्याला ‘साठ-अठरा’ भारी नाही.

पुस्तकातलं आणि रस्त्यावरचं

‘त्यू’ आणि ‘वू’ यांचा भेद मराठी माणसाला सांगायला नको. तू आणि तुम्ही. अनेकवचन तेच आदरार्थी वचन, हेही आपल्यासारखंच. १७९३ मध्ये क्रांतिकारकांनी सगळ्यांनी सगळ्यांना एकेरीच हाक मारावी असा आग्रह धरला, पण तो टिकला नाही. आपण विठोबाला अरे-तुरे करतो. फ्रेंच कॅथलिकांनीही प्रभूच्या मुख्य प्रार्थनेत १९६६ पासून देवाला एकेरी संबोधायला सुरुवात केली.

वाचनात एक सापळा असतो. सेंत-एक्झ्युपेरीचं ‘छोटा राजकुमार’ हे १९४३ चं पुस्तक लहान मुलांचं, म्हणून सोपं समजून पहिल्या वर्षाची मुलं ते हौसेने विकत घेतात आणि काही पानांतच अडकतात. त्यातलं बरंचसं कथन ज्या ‘पासे सेंप्ल’ या भूतकाळात आहे, तो फक्त लिखाणात उरला आहे आणि पहिल्या वर्षी सहसा शिकवला जात नाही. त्यापेक्षा ला फोंतेनच्या कथा शिक्षकांकडून समजून घेणं बरं. भाषा जुनी आहे, पण गोष्टी ओळखीच्या निघतात. त्याने १६७८ च्या संग्रहात ‘पिलपे’ नावाच्या भारतीय ज्ञान्याचं ऋण मोकळेपणाने मानलं आहे. ‘पंचतंत्र’ अरबी-फारसीतून फिरत फिरत युरोपात गेलं ते याच नावाने.

बोलताना उलटा सापळा. ‘मला माहीत नाही’ हे पुस्तकात चार शब्दांचं वाक्य असतं, रस्त्यावर त्याचं ‘शेपा’ होतं. नकाराचा पहिला अर्धा भाग बोलताना बहुतेक सगळेच गाळतात. फ्रेंच बोलणारे जगात ३२ कोटींहून अधिक आहेत, असं फ्रेंचभाषक देशांच्या संघटनेचा २०२२ चा अहवाल सांगतो, आणि त्यांतले निम्म्याहून जास्त आफ्रिकेत आहेत. म्हणून पॅरिसच्या बातम्यांबरोबर सेनेगल आणि काँगोतल्या माणसांचं बोलणंही कानावर पडू द्यावं. पुढे नोकरीत फोनवर पलीकडे कोण असेल, सांगता येत नाही.

नोकरीची गोष्ट निघालीच आहे तर स्पष्ट सांगायला हवं. पहिल्या वर्षाच्या फ्रेंचवर कुणी नोकरी देत नाही. भाषांतराला किंवा कंपन्यांतल्या भाषेच्या कामाला निदान बी-२ लागतं, आणि तिथवर पोचायला अजून दोन-तीन वर्षांची मेहनत असते. पहिल्या वर्षाचं काम पाया घालण्याचं आहे : कान तयार करणं, नामाबरोबर लिंग पाठ करणं, भूतकाळ न अडखळता सांगता येणं.

तेव्हा या वर्षी फ्रेंच घेतलेल्या प्रत्येक मराठी मुलामुलीला एवढंच सांगणं : वहीत तिसरा रकाना आखा आणि तो मराठीचा ठेवा. जिथे दोन्ही भाषा जुळतात तिथे खूण करा, जिथे जुळत नाहीत तिथे लाल शाईने लिहा. रोज पंधरा मिनिटं मोठ्याने वाचा आणि आठवड्यातून एकदा शुद्धलेखन घाला. शिक्षकांनीही फळ्यावर ‘एत्र’चं घर काढताना शेजारी ‘ती’ आणि ‘तिने’ ही दोन रूपं लिहून पाहावीत. वर्गाचा अर्धा तास वाचेल, आणि तो बोलण्याच्या सरावाला देता येईल.